जुन्या शिपमेट मंडळींचा सहकुटुंब मेळावा कसा भरवावा : ठाणे आणि नवी मुंबईतील संयोजकांसाठी

कुलाबा, मानखुर्द, कांजूरमार्ग किंवा पवईतील क्वार्टर सोडल्यानंतर नौदलातील अनेकांनी आपले घर ठाणे, ऐरोली, नेरुळ, बेलापूर, खारघर अशा खाडीकाठच्या वस्त्यांमध्ये केले. त्यामुळे एकाच जहाजावर वर्षानुवर्षे एका मेसमध्ये जेवलेली माणसे, म्हणजेच शिपमेट, आज दोन-चार स्थानकांच्या अंतरावर राहतात आणि तरीही त्यांची भेट बहुधा एखाद्याच्या अंत्यविधीलाच होते. मेळावा भरवण्याची इच्छा अनेकांच्या मनात असते, परंतु प्रत्यक्षात जो भरतो तो बहुतेक वेळा पुरुषांचाच असतो. भाषणे होतात, जेवण होते आणि बायका-मुले मागच्या खुर्च्यांवर घड्याळ पाहत बसतात. जहाज सेलिंगला गेले की घर, आजारपणे, शाळेचे प्रवेश, सासर-माहेरची कार्ये आणि कधी कधी बाळंतपणसुद्धा एकटीने निभावणाऱ्या स्त्रिया या त्या जहाजाच्या सेवेचाच भाग होत्या, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढील सर्व सूचना कुटुंबे पाहुणी नसून मेळाव्याची निम्मी मालक आहेत, असे गृहीत धरूनच केल्या आहेत.

मेळावा नेमका कोणाचा

पहिला निर्णय मर्यादेचा असतो. जुनी विमानवाहू नौका विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. छत्तीस वर्षांच्या या सेवेत तिच्यावर राहून गेलेल्या साऱ्यांना एकत्र बोलावले, तर १९६५ च्या बॉयलर रूममधील माणूस आणि १९९० च्या फ्लाइट डेकवरील माणूस यांना जहाजाच्या नावाखेरीज एकमेकांविषयी काहीच ठाऊक नसेल. मोठ्या जहाजाच्या बाबतीत म्हणूनच चार-पाच वर्षांचा काळ किंवा एखादी ब्रांच, म्हणजे कामाची शाखा, निवडावी. याउलट क्षेपणास्त्रवाहू नौकांसारख्या लहान नौकांवर तीसेक माणसेच असत, तेव्हा तेथे एका नौकेपुरता आग्रह न धरता संपूर्ण स्क्वाड्रनला, म्हणजे नौकांच्या ताफ्याला, बोलावणे योग्य ठरते. मात्र हुद्द्यावरून मर्यादा कधीही घालू नये. अधिकारी, मास्टर चीफ आणि लीडिंग सीमन हे सारे एकाच पोलादी भिंतींच्या आत होते, आणि ज्या मेळाव्यात अधिकाऱ्यांसाठी वेगळे टेबल मांडले जाते तेथे पुढच्या वर्षी निम्मी माणसे येत नाहीत.

माणसे कशी शोधावीत

शोधाचा प्रारंभ जहाजावरील सामूहिक छायाचित्रापासून करावा. छायाचित्राची स्वच्छ प्रत सर्वांना पाठवून प्रत्येकाला ओळखू येणाऱ्या चेहऱ्याचे नाव, टोपणनाव, ब्रांच आणि गाव लिहून मागितल्यास काही दिवसांतच यादी दुप्पट होते, कारण अनेकांना आडनाव आठवत नाही, पण टोपणनाव आणि गाव मात्र पक्के आठवते. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिक आणि सैनिकी कॅंटीन येथील सूचनाफलकांवर तेथील प्रमुखांच्या परवानगीने निवेदन लावावे, तसेच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक प्रत द्यावी. नौसैनिकांच्या नोंदी मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात, परंतु तेथून दुसऱ्याच्या घरचा पत्ता खासगी व्यक्तीला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. देवगड, गुहागर किंवा श्रीवर्धनसारख्या भागांत परतलेल्यांना साधे टपालाने पाठवलेले निमंत्रण सर्वांत जास्त भावते. आयुष्यभर नौदलाच्या टपाल कार्यालयामार्फत, म्हणजे फ्लीट मेल ऑफिसमार्फत, येणाऱ्या पत्रांची वाट पाहिलेल्या घरांत लिफाफ्याला आजही मान आहे.

दिवंगत सोबत्यांच्या घरी संपर्क साधणे हे या साऱ्यातील सर्वांत नाजूक काम आहे, आणि ते दूरध्वनींच्या सामान्य यादीत मिसळू नये. त्या घराशी ज्याची सर्वाधिक जवळीक होती त्याने, शक्यतो पत्नीसह, आधी प्रत्यक्ष जाऊन यावे. वहिनींची प्रकृती, मुलांचे काय चालले आहे, पेन्शन वेळेवर मिळते का, हे विचारावे आणि मग मेळाव्याचा विषय काढावा. त्यांना व्यासपीठावर यायचे आहे की केवळ सर्वांमध्ये बसायचे आहे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. दूर राहणाऱ्या अशा वहिनींना एकटीने प्रवास करावा लागू नये, यासाठी मुलगा, सून किंवा नातू यांपैकी कोणाला तरी सोबत आणण्याचा आग्रह निमंत्रणातच करावा आणि त्या सोबत येणाऱ्याचीही वर्गणी घेऊ नये.

यादीत नाव, जहाजावरील कालावधी, ब्रांच, फोन, येणाऱ्यांची संख्या, आहार आणि जिना चढता येतो की नाही एवढीच माहिती असावी. पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक, आधार, बँक खाते किंवा जन्मतारीख कोणत्याही कारणास्तव मागू नये, कारण निवृत्तिवेतनधारकांना फसवणाऱ्यांच्या हाती अशी एक यादी लागली तरी पुरेसे होते. अनेकांची मुले आज नौदलात सेवेत आहेत. त्यांचे जहाज सध्या कोठे आहे किंवा कधी परतणार आहे, असा मजकूर कौतुकाच्या भरातही मेळाव्याच्या मोबाइल गटावर येऊ नये, हे संयोजकाने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

तारीख आणि जागा

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या नौकांनी किल्तान व कच्छल यांच्या साथीने कराचीवर केलेल्या हल्ल्याच्या स्मरणार्थ त्या दिवशी नौदल दिन साजरा होतो. त्यामुळे मेळाव्यासाठी तीच तारीख सर्वांना प्रथम सुचते. प्रत्यक्षात त्या आठवड्यात अधिकृत कार्यक्रम असतात, सेवेत असलेली मुले मोकळी नसतात आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांमुळे सभागृहे आधीच भरलेली असतात. माझ्या मते पौष महिना सर्वांत सोयीचा आहे. या महिन्यात लग्ने होत नसल्यामुळे चांगली सभागृहे मिळतात, हवा थंड असते आणि परीक्षाही दूर असतात. रविवारऐवजी दुसरा किंवा चौथा शनिवार निवडावा, कारण रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये हार्बर किंवा ट्रान्सहार्बर मार्ग नेमका येण्याच्या वेळी बंद असला, तर पंचाहत्तरीच्या माणसाने वाशीला कसे पोहोचावे, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

जागा स्थानकापासून रिक्षाच्या किमान भाड्याच्या अंतरात असावी. वाशी आणि नेरुळ या ठिकाणी ठाण्याहून व मुंबईहून थेट गाड्या येतात. नेरुळला तर उरणची लोकलही येते, त्यामुळे करंजा परिसरात स्थायिक झालेल्यांची सोय होते. केरळ आणि कोकणातून येणाऱ्यांना पनवेल किंवा ठाणे येथे उतरता येते, तर उत्तरेकडून येणाऱ्यांना कल्याण जवळ पडते. येथील मंडळींनी प्रत्येकी एका परगावच्या कुटुंबाला आपल्या घरी उतरवून घेतले, तर हॉटेलचा खर्च वाचतोच, शिवाय मेळाव्याच्या आदल्या रात्रीच खऱ्या गप्पा सुरू होतात.

सभागृह पाहायला जाताना लिफ्ट, पाश्चात्त्य पद्धतीची स्वच्छतागृहे आणि उतार यांबरोबरच आवाजाकडे विशेष लक्ष द्यावे. इंजिन रूममध्ये आणि तोफांजवळ उमेदीची वर्षे घालवलेल्या पुष्कळ जणांना कमी ऐकू येते. आवाज घुमणाऱ्या, उंच छताच्या दालनात त्यांना शेजारच्याचे बोलणेही कळत नाही, आणि मग ते केवळ हसून मान डोलावत राहतात. लहान दालन, गोल टेबले, चांगला माइक आणि जेवताना पार्श्वसंगीत अजिबात नसणे, एवढे केले तरी ही माणसे पुन्हा संभाषणात येतात. मद्याचा बेत टाळावा असे मी सुचवीन. तो ठेवायचाच असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना काढल्याशिवाय मद्य सभागृहात आणू नये.

वर्गणी

वर्गणी दोघांच्या संयुक्त जबाबदारीखाली जमा करावी आणि दिवंगत सोबत्यांच्या कुटुंबांकडून ती घेतली जाणार नाही, हे सर्वांच्याच निमंत्रणात छापावे, म्हणजे कोणालाही ती वैयक्तिक सवलत वाटणार नाही. बांधकाम व्यावसायिक आणि विमा विक्रेते प्रायोजक होण्यास आनंदाने तयार होतात, पण त्याच्या बदल्यात त्यांना तुमची यादी हवी असते. त्यांना नम्रपणे नकार द्यावा.

प्रत्यक्ष दिवस

कार्यक्रम सकाळी दहा ते दुपारी चार एवढाच असावा. राष्ट्रगीतानंतर प्रथम दिवंगत सोबत्यांची नावे वाचावीत. कोणाकडे जहाजावर इशारे देण्याची जुनी बोसन शिट्टी असेल, तर तिच्या ‘स्टिल’च्या (स्तब्ध राहण्याच्या) इशाऱ्यावर सर्वांनी उभे राहावे आणि नावे संपल्यावर ‘कॅरी ऑन’ (पुढे चालू) वाजवावे. प्रत्येक नाव हुद्दा, ब्रांच आणि गावासह, सावकाश वाचावे आणि उच्चार आधी घरच्यांकडून तपासून घ्यावा. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री खुकरी ही युद्धनौका बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक समुद्रात गेले. अशा घरांना स्मशान नाही, समाधी नाही. त्यांच्यासाठी नाव उच्चारले जाणे ही फार मोठी गोष्ट असते, म्हणून हा भाग घाईने उरकू नये.

निवृत्तांनी गणवेश घालू नये. कोट किंवा साध्या स्वच्छ कपड्यांवर डाव्या बाजूला पदके लावावीत. वडिलांची पदके मुलाने किंवा पत्नीने लावायची असतील, तर ती उजव्या बाजूला लावण्याची प्रथा आहे. नौदलाचे निशाण खासगी सभागृहात उभारू नये, राष्ट्रध्वज पुरेसा आहे.

यानंतर माइक प्रथम स्त्रियांकडे द्यावा आणि त्यासाठी किमान पाऊण तास राखून ठेवावा. ‘काही बोला’ असे म्हटल्यास बहुतेक जणी संकोचाने नकार देतात, त्यामुळे नेमके प्रश्न आधीच कळवावेत. जहाज बंदरात येणार ही बातमी घरी कशी कळत असे, १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये मुलांना काय सांगितले, मल्याळी शेजारणीकडून कोणता पदार्थ शिकलात, बदली झाली तेव्हा कोणती वस्तू मागे ठेवावी लागली, अशा प्रश्नांना उत्तरे आपोआप येतात. परराज्यांतील कुटुंबांसाठी हिंदीत बोलण्याची मुभा असावी, आणि पतीने मध्येच दुरुस्ती करू नये, हे सूत्रसंचालकाने हसतमुखाने पण निश्चितपणे सांभाळावे. १९७१ मध्ये सेवेत असलेले सर्वच जण आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नींच्या आठवणी शांत खोलीत, मोबाइलवर का होईना, ध्वनिमुद्रित करण्याची जबाबदारी एखाद्या तरुण नातेवाईकाकडे सोपवावी.

जेवण बड्या खान्याच्या रीतीने व्हावे, म्हणजे वरिष्ठांनी कनिष्ठांना वाढावे. आहार मऊ, कमी तिखट आणि मधुमेहींचा विचार करून ठरवावा. सुरमई ठेवली तरी शाकाहारी पंगत तितकीच भरघोस असावी. नातवंडांसाठी एका टेबलावर दोर ठेवावेत आणि आजोबांनी त्यांना रीफ नॉट, बोलाइन व क्लोव्ह हिच या गाठी शिकवाव्यात. व्यासपीठावरील कोणत्याही भाषणापेक्षा मुले येथे अधिक रमतात.

एका कोपऱ्यात मदत टेबल असावे. निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन ‘स्पर्श’ प्रणालीवरील वार्षिक ओळख पडताळणी, कौटुंबिक निवृत्तिवेतन, ईसीएचएस कार्ड, पीपीओमधील नावाची चूक या बाबतीत जाणकार माणूस तेथे बसला, तर अनेक स्त्रियांचे वर्षानुवर्षे रखडलेले काम मार्गी लागते. खारघर, कामोठे आणि पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात येतो, तेव्हा तेथील कुटुंबांचे सैनिक कल्याण कार्यालय ठाण्यात नसून अलिबागला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. टेबलावर ते ठळक लिहून ठेवावे.

परगावचे पाहुणे थांबणार असतील, तर दुसऱ्या दिवशी लहान बसने अटल सेतूवरून मुंबईत जाऊन लायन गेटजवळील विक्रांत स्मारक पाहता येते, जे त्या जहाजाच्याच धातूपासून घडवलेले आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीतील रोहित पक्षी पाहण्यासाठी नौकाफेरीही मिळते. ती भरती-ओहोटीवर अवलंबून असल्यामुळे वेळ आधी विचारून घ्यावी.

मेळाव्यानंतर आठ दिवसांच्या आत जमाखर्च सर्वांना पाठवावा, सुधारित यादी दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडे ठेवावी आणि पुढील वर्षाचा संयोजक त्याच आठवड्यात ठरवावा. जे आजारपणामुळे येऊ शकले नाहीत, त्यांच्या घरी जवळ राहणाऱ्या सोबत्याने छापील छायाचित्रे नेऊन द्यावीत आणि त्यांच्याकडील नवे फोन क्रमांक यादीत नोंदवून घ्यावेत.