काठी-कुबडीचं रबर बदलताना

काठी उलटी करून तळाचं रबर बघा. खाचा एका बाजूनेही पुसल्या असतील, कडेला भेगा असतील किंवा नखाने दाबूनही रबर दबत नसेल, तर ते बदलायला झालं. चालताना धातूची टकटक ऐकू आली तर त्याच दिवशी बदला, कारण पाइप रबर फाडून खाली आलेला असतो. नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडाशी हे एकदा बघाच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, उन्हात राहिलेलं रबर कडक पडतं आणि नेमकं तेव्हाच कूलरचं पाणी टाइल्सवर सांडलेलं असतं.

माप दांड्याचं घ्या. जुनं रबर सैल झालेलं असतं, त्याचं माप फसवतं. टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर वर दोरा एक वेढा गुंडाळा आणि लांबीला ३.१४ ने भागा. ६० मिमी दोरा लागला तर १९ चं रबर, ६९ लागला तर २२ चं. बाजारात साधारण १६, १९, २२ आणि २५ मिमी मिळतात. तरी मेडिकल चौकात किंवा धंतोलीत सर्जिकलच्या दुकानात जाताना काठी सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा. घेताना रबराच्या आत बोट घाला, तळाला लोखंडी चकती लागली पाहिजे. चकती नसेल तर पाइपची धार काही दिवसांतच रबर गोल कापून काढते. कुबड्यांची रबरं जोडीनेच बदला. एक नवं, एक झिजलेलं असेल तर उंचीत आणि पकडीत फरक पडतो.

जुनं रबर पिळत-पिळत ओढा. ॲल्युमिनियमच्या काठीचं निघत नसेल तर टोक दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात धरा. लाकडी काठी पाण्यात घालू नका, ती फुगते. तिचं रबर ब्लेडने उभं चिरा, पातं हातापासून लांब ठेवून. मग दांडा पुसा आणि पाइपची खरखरीत कड कानशीने घासा.

आता नव्या रबराच्या आत पेन्सिल तळापर्यंत घालून खोली मोजा आणि तेवढ्याच उंचीवर दांड्यावर खूण करा. दांडा साध्या पाण्याने ओला करून रबर फिरवत दाबा, मग काठी उभी धरून जमिनीवर दोन-चारदा जोरात ठोका. रबराची वरची कड खुणेला टेकली नाही तर ते अर्ध्यावर अडकलंय. चढलंय असं वाटतं आणि नेमकं पायरीवर निसटतं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन अजिबात लावू नका. त्याने रबर फुगतं, सैल पडतं. सैल रबराखाली चिकटपट्टी गुंडाळणंही चुकीचंच, वजन आलं की पट्टी सरकते. लाकडी कुबडीत खिळा तर ठोकूच नका. रबर झिजलं की खिळ्याचं डोकं बाहेर येतं आणि फरशीवर घसरतं.

नव्या रबराने उंची काही मिलिमीटर वाढते. नेहमीची चप्पल घालून, हात सैल सोडून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. काखेतल्या कुबडीत काखेखाली दोन-तीन बोटं जागा राहू द्या. दांड्यावरच्या बटणाने उंची बदलली तर ते बटण छिद्रातून पूर्ण बाहेर आलंय का, ते बोटाने चाचपा.

पहिली चाचणी कोरड्या फरशीवर, भिंतीचा आधार घेऊन: काठी किंचित तिरकी करून हळूहळू भार टाका. ती सरकली तर तळ ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि पुन्हा बघा. बारीक धूळ बसली तर नवं रबरही घसरतं. रबर एकाच बाजूने लवकर झिजत असेल तर उंची किंवा काठी टेकवण्याची पद्धत चुकतेय, तेव्हा फिजिओथेरपिस्टला चालून दाखवा.