मागच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायचे असतील तर

पावसाळ्यात ताम्हिणीच्या चिखलात जीप घालणाऱ्यानेच हा खटाटोप करावा. कोथरूड-हिंजवडी करणाऱ्याला ड्रम बक्कळ झाले. ड्रममध्ये पाणी-चिखल साचतो, डिस्कवरून तो झटकला जातो. खरा फायदा एवढाच.

आधी हँडब्रेकचं बघा. बहुतेक गाड्यांत तो मागच्या ड्रममध्येच असतो, म्हणून हँडब्रेकची लिव्हर असलेलेच कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घ्या. नाना पेठेत खरेदीला जाताना रिम सोबत न्या, कॅलिपर आतून घासतोय का ते दुकानातच कळेल. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

ॲक्सल ओढून बॅकिंग प्लेट (ड्रमच्या मागची ताटली) काढा, तिथे कॅलिपर धरणारा ब्रॅकेट येईल. तो भोसरीत लेझरवर कापून घ्या, गॅस कटिंगचा नको. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध फिरली पाहिजे. आणि कॅलिपरवरचं एअर काढायचं निपल वरच्याच बाजूला हवं! खाली राहिलं तर हवा वर अडकून बसते. कितीही पंप मारा, पेडल मऊच.

मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) लाइनमध्ये ड्रमचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा, असेल तर काढा, नाहीतर पॅड डिस्कला टेकून तापत राहतात. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारून बघा. मागची चाकं आधी लॉक झाली, तर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हने मागचा दाब कमी करा. बदलाबद्दल आरटीओत आधीच विचारून घ्या.