नागपुरात फ्लॅट किरायाने घेताना खरा खर्च कसा काढायचा

गेटवर "किरायाने देणे आहे" पाटी पाहून फोन लावला की मालक एकच आकडा सांगतो, पण तो आकडा म्हणजे सगळा खर्च नाही बरं का.

आधी एरिया ठरवा. धरमपेठ, रामदासपेठ महाग, तिथं नावाचेही पैसे लागतात. बेसा, बेलतरोडीकडे त्याच पैशात मोठा फ्लॅट भेटतो, पण मेट्रो दारात नाही, म्हणून रोजचं पेट्रोल किरायात धरूनच तुलना करा. मिहानला (विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या एरियात) नोकरी असेल तर वर्धा रोडची मेट्रोची ऑरेंज लाईन धरून मनीषनगर, सोमलवाडाकडे पाहा. हिंगणा एमआयडीसीवाल्यांनी ॲक्वा लाईनकडे, म्हणजे सुभाषनगर, लोकमान्यनगर.

आता मेन गोष्ट, ऊन. घर शक्यतो एप्रिल-मे मध्ये दुपारी पाहा, कारण डिसेंबरात सगळेच फ्लॅट मस्त वाटतात अन् नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की वरच्या माळ्यावरची स्लॅब रात्रीपर्यंत तापलेली राहते, मग एक कूलर पुरत नाही, एसी घ्या अन् लाईटबिल भरत बसा. म्हणून वरचा माळा हजार रुपये स्वस्त असला तरी मी तरी घेणार नाही. पश्चिमेकडची भिंत कोणत्या खोलीला आहे, कूलर ठेवायला खिडकीबाहेर स्टँड आहे का, कूलरमध्ये भरायला पाणी उन्हाळ्यातही येते का की टँकर मागवावा लागतो, हे मालकाला नाही, खालच्या किरायेदाराला विचारा, तो खरं सांगते. अन् मीटर वेगळं महावितरणचं आहे की सबमीटर (मालकाच्या मीटरवरून काढलेलं), तेही. सबमीटरवर मालक मनानेच युनिटचा रेट लावून राहिले बापा.

मग मेंटेनन्स, पार्किंग, ब्रोकरचा एक किराया (आधी ठरवून घ्या, नंतर वाद होतो).

ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात लेखी अन् रजिस्टर्ड लागतेच, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, अन् ती जबाबदारी मालकाची आहे. या ॲग्रीमेंटला, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सला, स्टॅम्प ड्युटी एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, म्हणजे १२ हजार किराया असेल तर ११ महिन्यांचे तीन-चारशे रुपये, वर शहरात रजिस्ट्रेशनचे १०००. हे कोण भरणार ते आधीच बोलून घ्या.

चावी घेतल्या दिवशी भिंती, नळ अन् मीटर रीडिंगचे फोटो काढून मालकाला तिथूनच व्हॉट्सॲप करा, सोडताना पेंटिंगच्या नावावर डिपॉझिट कापतात.