घोड्याचे पाय सुजले की आधी हात लावा, औषधाचं नंतर बघू

आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात आणि नाशकात आमच्या घोडीवाल्यांचे एकमेकांना फोन सुरू होतात, "अरे घोडीचे मागचे दोन्ही पाय सुजलेत, काय लावू?" दर वर्षी हेच. एप्रिल-मे मधे रोज संध्याकाळी वरातीत चालणारी, नाचणारी घोडी एकदम तुळशीच्या लग्नापर्यंत दावणीला बांधून राहते, वरून पाऊस, खाली चिखल आणि तोबऱ्यात हरभरा मात्र सीझनमधे होता तेवढाच. मग पाय भरणारच.

आमच्या आजोबांचा टांगा होता, नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी, आता आमच्याकडे लग्नाच्या दोन घोड्या आहेत, म्हणजे घरात घोडं कायमच. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, पाय पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी सुजतात आणि त्यातल्या एका कारणात घोड्याला चालवायचं असतं तर दुसऱ्यात एक पाऊल सुद्धा टाकू द्यायचं नसतं. त्यामुळे काय लावू हे विचारायच्या आधी पाच-दहा मिनिटं काढून नीट तपासा.

आधी किती पाय सुजलेत ते बघा. मग हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पायांना आळीपाळीने स्पर्श करा, एक गरम आणि एक गार आहे का ते लगेच कळतं (उन्हातून आणल्या आणल्या बघू नका, सावलीत अर्धा तास उभं करून मग बघा). मग अंगठ्याने सुजेवर पाच सेकंद दाबून धरा आणि सोडा. मळलेल्या कणकेत बोट दाबल्यावर जसा खड्डा राहतो तसा खड्डा राहिला, घोडीने पाय झटकला नाही, पाय गार आहे आणि दोन्ही मागचे किंवा चारही पाय सारखेच भरलेत, तर बहुतेक वेळा ती उभं राहून आलेली सूज असते. दाबल्यावर तिने कान मागे घेतले, पाय उचलला, तर मामला वेगळा.

यानंतर थर्मामीटर. हे कुणी करत नाही आणि हेच सगळ्यात महत्वाचं आहे. मेडिकलमधला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, मागच्या टोकाला दोरा बांधून दोऱ्याला कपड्याचा चिमटा लावा म्हणजे शेपटीच्या केसांना अडकवता येतो, नाहीतर आत ओढला जातो किंवा पडून फुटतो. टोकाला व्हॅसलीन लावा, घोडीच्या मागे नाही तर पुठ्ठ्याला (मागच्या मांडीला) चिकटून बाजूला उभे रहा, शेपूट बाजूला करून गुदद्वारात हळूच घाला आणि बीप वाजेपर्यंत धरून ठेवा. मोठ्या घोड्याचं नॉर्मल टेम्परेचर 99 ते 101 फॅरनहाइटच्या आसपास असतं, 101.5 च्या वर गेलं की ताप समजा. आणि कुठलंही दुखण्याचं इंजेक्शन द्यायच्या आधी ताप मोजा, कारण त्या औषधाने ताप उतरतो आणि मग डॉक्टरला सुद्धा खरं काय चाललंय ते समजत नाही.

आता उभं राहून आलेल्या सुजेबद्दल, कारण चातुर्मासात निम्म्याहून जास्त घोड्यांचं हेच असतं. घोड्याच्या पायात गुडघ्याच्या खाली मांस नसतंच, नुसतं हाड, नसा आणि कातडी. त्यामुळे खाली उतरलेलं पाणी परत वर ढकलायचं काम चालण्यातून होतं, खूर जमिनीवर पडतो उठतो त्यातून. घोडी दिवसभर एका जागी बांधली की ते पाणी खालीच साठतं. उपाय म्हणजे चालवणं, बाकी काही नाही. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, हातात लगाम धरून साध्या चालीने, पळवायचं नाही. आम्ही पहाटे गर्दी व्हायच्या आत गोदाघाटाच्या बाजूने एक चक्कर मारतो आणि परत येईपर्यंत पाय बऱ्यापैकी उतरलेला असतो. चालवून सुद्धा उतरला नाही तर तुमचा अंदाज चुकला असं समजून पुन्हा पहिल्यापासून तपासा. थंडीत निफाडकडे जेव्हा पारा पार खाली जातो तेव्हा पण लोक घोडी आत कोंडून ठेवतात आणि तेव्हाही हेच होतं.

दाणा कमी करा हो. काम बंद तर हरभरा निम्मा, किंवा त्याहून कमी, आणि पोट भरायला कडबा, सुकं गवत, थोडा लसूणघास. घोडी बसून आहे आणि दाणा पूर्ण चालू आहे याच्यातून फक्त पाय सुजतात असं नाही, खुराच्या आतला भाग सुजून घोडी कायमची लंगडी होऊ शकते, डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात, आणि काम परत सुरू केल्यावर पाठीचं मांस दगडासारखं कडक होऊन लघवी लाल-काळी होते तो वेगळाच प्रकार. पाणी आणि मीठ मात्र कमी करू नका.

एकच पाय, त्यातून मागचा, एका रात्रीत खांबासारखा सुजलाय, गरम आहे, हात लावू देत नाही आणि ताप आहे, तर कातडीखाली इन्फेक्शन पसरलंय. एवढीशी जखम पुरते, कधी कधी जखम सापडत पण नाही. यात अँटिबायोटिक लागतं आणि ते त्याच दिवशी लागतं, दोन दिवस हळद लावून वाट बघितली तर पाय नंतर पूर्ण कधीच उतरत नाही, कायमचा जाड राहतो आणि पुन्हा पुन्हा सुजतो. डॉक्टर येईपर्यंत नळीचं गार पाणी सोडा, 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीनदा. पाणी खुरापासून सुरू करून हळूहळू वर न्या, एकदम वर मारलं की घोडी बिचकते. बर्फ असेल तर कपड्यात गुंडाळून, थेट कातडीवर नको. ताप असताना चालवायचं की नाही ते डॉक्टरला विचारा.

समोरच्या पायाच्या गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागे दोरीसारख्या ज्या नसा हाताला लागतात त्यांना टेंडन म्हणतात. दोन बोटांत धरून वरून खाली सरकवत या, निरोगी पायात त्या काठीसारख्या सरळ आणि टणक लागतात. मधेच कुठे फुगीर लागलं, गरम लागलं, बाजूने बघितल्यावर धनुष्यासारखा बाक दिसला, तर नस दुखावलीय. डांबरी रस्त्यावर घसरून किंवा लग्नात मागच्या पायांवर उभं करून करून हे होतं. इथे घोडी अजिबात चालवायची नाही, गार पाणी आणि पूर्ण आराम, आणि तो आराम आठ-पंधरा दिवसांचा नसतो, महिने जातात. सीझनमधे अशी घोडी चार दिवसात परत वरातीला नेली की नस पूर्ण तुटायची भीती असते. दोन-चार तारखांचे पैसे जातील, जाऊ द्या, घोडी वाचवा.

खूर बघायला विसरू नका, आम्ही विसरलो होतो म्हणून सांगतो. आमच्या एका घोडीचा मागचा पाय खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत सुजला, टेकवेना. ओळखीतल्या एका जुन्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं मुरगळलाय, बिबा लावा. लावला. दुसऱ्या दिवशी कातडी फोडासारखी उठली, चौथ्या दिवशी सोलून निघाली, आणि पाय तसाच. शेवटी नालबंदाने नाल काढली तर तळव्यात खिळ्याचं भोक, दाबलं तर काळा पू पिचकारीसारखा बाहेर आला आणि घोडीने एवढा वेळ वर धरलेला पाय दहा मिनिटांत जमिनीवर ठेवला. खूर बरा झाला, पण बिब्याच्या जागी अजून केस आलेले नाहीत, रोज खरारा करताना हात तिथे जातो. तेव्हापासून बिबा नाही, चुना नाही आणि डाग तर नाहीच नाही, गरम सळईने डागल्याने सूज उतरते हे कुणीही सांगितलं तरी ऐकू नका, मुक्या जिवाला उगाच यातना.

तर खूर उचला, हुकने साफ करा, हाताला गरम लागतो का बघा, आणि खुराच्या वर मागच्या बाजूला आतून-बाहेरून बोट ठेवून नाडी शोधा. निरोगी घोड्यात ती जेमतेम लागते, आत पू असेल किंवा लॅमिनायटिस असेल तर ठकठक जाणवते. खिळा अजून आत असेल आणि डॉक्टर तासाभरात येणार असेल तर काढू नका, किती खोल आणि कुठल्या दिशेला गेलाय ते त्यांना बघायचं असतं. चालताना अजून आत घुसेल असं वाटलं तर काढा, पण आधी फोटो घ्या आणि जागेवर पेनाने खूण करा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं होतं ते आठवा, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, वर्षातून एकदा लस असायलाच पाहिजे.

पावसाळ्यातला अजून एक प्रकार म्हणजे खुराच्या वर मागच्या खळग्यात कातडी फाटते, खपल्या येतात, ओलं सुटतं आणि मग पाय सुजतो. पांढऱ्या पायाच्या घोड्यांना जास्त, आणि वरातीला सगळ्यांना नुकराच (पांढराशुभ्र घोडा) हवा असतो, त्याची कातडी गुलाबी, त्यामुळे आमच्या धंद्यात हे भरपूर. तिथले लांब केस कापा, बीटाडीन पाण्यात चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा, दहा मिनिटं ठेवा, धुवा, आणि मग सगळ्यात मोठं काम म्हणजे टॉवेलने पार कोरडं करा. खपली वाळलेली असताना ओरबाडून काढू नका, भिजून सुटेल तेवढीच काढा. दिवसातून चार वेळा पाय धुवून ओलेच सोडणारे लोक आहेत, त्याने हे वाढतं. जमिनीवर भुसा किंवा वाळलेलं गवत टाका, चिखलात उभी राहिली तर कुठलंच मलम चालत नाही.

पायांबरोबर पोटाखाली पण सूज आहे, घोडी खंगत चाललीय, ताप येतो जातो, हिरड्या पांढरट दिसतात, असं असेल तर सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) असू शकतो. तो गोमाशांमुळे पसरतो आणि पावसाळ्यात, पाऊस ओसरताना जास्त दिसतो. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही आणि रक्त ताप असतानाच काढलेलं चांगलं. उपचार नाही केला तर घोडी जाते. खूप जंत असले तरी असंच पोट आणि पाय भरतात. गाभण घोडीला शेवटच्या महिन्यात थोडी सूज येते, ती चालवून उतरते.

मागच्या पायाच्या आतल्या बाजूला माळेसारख्या गाठी, त्या फुटून मधासारखा चिकट पू, नाकातून घाण, असं दिसलं तर त्या घोडीला उघड्या हाताने शिवू नका. ग्लँडर्स असू शकतो, तो माणसाला होतो आणि जीवघेणा आहे. घोडी वेगळी बांधा, तिची बादली तोबरा वेगळा, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. लपवून सारंगखेड्याच्या बाजारात नेऊन विकायचा विचार सुद्धा करू नका, तिथे हजारो घोडी एकत्र येतात.

बँडेजबद्दल. साध्या उभं राहून आलेल्या सुजेला रात्री बँडेज बांधता येतं, पण नुसतं क्रेप बँडेज कातडीवर आवळून बांधलं तर फायद्यापेक्षा तोटा जास्त, नसेवर वळ पडतो आणि ती नस खराब होते. पाय कोरडा आणि स्वच्छ पाहिजे, खाली कापसाचा जाड थर सारखा पसरून, एकही सुरकुती नको, त्यावर बँडेज, गुडघ्याच्या खालपासून खुराच्या वरच्या सांध्याखालपर्यंत. डाव्या पायाला घड्याळाच्या उलट, उजव्या पायाला घड्याळाप्रमाणे गुंडाळा. वरच्या काठातून एक बोट आत गेलं पाहिजे. दोन्ही पायांना बांधा आणि बारा तासांनी सोडून बघा. जखम, खपल्या, ताप असेल तर विचारल्याशिवाय बांधू नका.

माणसाच्या गोळ्या, उरलेलं इंजेक्शन, गाई-म्हशीचं औषध अंदाजाने देऊ नका. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध तर जनावरांना द्यायला 2006 पासून बंदी आहे, आणि 2023 मधे केटोप्रोफेन, एसिक्लोफिनॅक वर पण बंदी आली, कारण ते औषध अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. आपल्या अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं अजून आहेत, ती राहू द्या.

सांध्याजवळ जखम आहे आणि त्यातून पिवळसर चिकट पाणी येतंय, किंवा शिंगराचा सांधा सुजलाय आणि ते दूध पीत नाही, किंवा घोडी पाय टेकवतच नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरला उठवा. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे. फोनवर सांगताना "पाय सुजलाय" एवढंच नका सांगू, कुठला पाय, कधीपासून, गरम की गार, दाबल्यावर खड्डा पडतो का, ताप किती, टेकवते का, काय खाल्लं आणि आधी काय औषध दिलं, हे सगळं कागदावर लिहून मग फोन लावा. आणि शिंप्याच्या टेपने दोन्ही पायांचा घेर एकाच उंचीवर मोजून तो पण लिहा, म्हणजे उद्या सकाळी सूज उतरली की वाढली यावर घरात वाद होत नाही.