सायकलचं चाक स्वस्तात बदलताय? या चुका टाळा

चाक डुगडुगायला लागलं की लगेच नवीन शोधायला निघणं, इथूनच पैसे वाया जायला सुरुवात होते. रिम थोडी आऊट झाली असेल, तर आरे कमी-जास्त ताणून आऊट काढता येतो. एखादाच आरा तुटला असेल तर तेवढाच बदला. पण आरे एकामागून एक तुटत असतील, आऱ्याच्या भोकापाशी रिमला तडा गेला असेल किंवा ब्रेक लागतो तिथे रिमची भिंत झिजून खोलगट झाली असेल, तर ती रिम वाचवू नका. झिजलेली भिंत हवेच्या दाबाने फाटते, तीही चालत्या सायकलवर.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इंचांमुळे. २६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या रिम एका मापाच्या नसतात: माउंटन बाइकची ५५९ मिलिमीटर, जुन्या तीन गिअरवाल्या सायकलींची बहुधा ५९०. एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. २० इंचातही ४०६ आणि ४५१ अशी दोन मापं चालतात. उलट ७००सी आणि २९ इंच ही नावं वेगळी असली तरी रिमचा व्यास एकच, ६२२. म्हणून इंच विसरा आणि टायरच्या कडेवर ३७-६२२ असं काही छापलेलं असतं ते वाचा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप. नव्या चाकाचा दुसरा आकडा तोच हवा.

मागचं चाक घेताना आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. मागचं चाक जिथे बसतं त्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजा. क्विक रिलीज (पान्याशिवाय दांडीने उघडणाऱ्या) किंवा नटवाल्या चाकांत रोड बाइकला साधारण १३०, माउंटन आणि हायब्रिडला १३५ मिलिमीटर असतं. पाच मिलिमीटरने काय बिघडतं, असं म्हणून ॲल्युमिनियमची फ्रेम ताणून चाक कोंबू नका. ती स्टीलसारखी वाकून घेत नाही, तडकते. दुसरी गोष्ट, हब (चाकाचा मधला भाग) फ्रीव्हीलचा आहे की कॅसेटचा, म्हणजे मागच्या गिअरचा संच त्यावर आट्यांनी चढतो की खाचांवर सरकवून बसतो. चाक काढा, दातेरी चकत्या उलट्या फिरवा आणि मध्यभागी पाना बसायच्या खाचा बघा. त्या चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. एकाचे गिअर दुसऱ्याच्या हबवर चढत नाहीत, आणि मग स्वस्त चाकाबरोबर गिअरचा अख्खा संच विकत घ्यावा लागतो.

डिस्क ब्रेकसाठी बनवलेल्या रिमला पॅड घासायची सपाट पट्टी बहुधा नसते. तुमच्या सायकलला रिम ब्रेक (रिमवर पॅड दाबणारा) असेल तर असं चाक कितीही स्वस्त मिळालं तरी उपयोगाचं नाही. स्टीलची रिमही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पावसात तिच्यावर ब्रेक धरतच नाही म्हटलं तरी चालेल. पैसे ॲल्युमिनियमच्या दुहेरी भिंतीच्या रिमवर आणि मागच्या चाकाच्या भरपूर आऱ्यांवर घाला. वजन जास्त असेल किंवा सामान लादत असाल तर ३६ आरे घ्या. हलकेपणा, रंग, स्टिकर यांवर बिनधास्त वाचवा. वाटी-कोन-छर्‍यांचा साधा हब वाईट नसतो, उघडून ग्रीस भरता येतं.

वापरलेलं चाक घेताना आस धरून हाताने फिरवा. खरखर किंवा अडखळणं जाणवलं, तर कोन (ज्यावर छरे फिरतात तो भाग) खराब झालेला असू शकतो.

रिममधलं व्हॉल्वचं भोकही तपासा. बारीक प्रेस्टा व्हॉल्वसाठी ते साधारण ६.५, जाड श्रेडरसाठी ८.५ मिलिमीटर असतं. रिम टेप (रिमच्या आतून आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी) बहुतेकदा चाकाबरोबर येत नाही. ती न लावता ट्यूब चढवली, तर आतूनच पंक्चर होत राहतं.

स्वस्त चाकाचे आरे बऱ्याचदा ढिले आणि असमान ताणलेले असतात, बेअरिंगही जरा जास्तच आवळलेलं असतं. जाणकाराकडून दोन्ही नीट करून घ्या, आणि काही फेऱ्यांनंतर आऱ्यांचा ताण पुन्हा बघा. ब्रेक पॅडही नव्या रिमला जुळवून बसवा. टायरला घासणारा पॅड थोड्याच दिवसांत टायरची कड कापून टाकतो.