काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट : फायदे आणि पूर्वतयारी

खालच्या जबड्यातील पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती दुधाची समजून अनेक घरांत तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते आणि पुढे कायमच्या दातांपैकी सर्वांत आधी काढावी लागते ती बहुधा हीच. हसताना ती जागा दिसत नाही, दुसऱ्या बाजूने चावून निभावते, म्हणून वर्षानुवर्षे ती तशीच रिकामी राहते. इम्प्लांटचा, म्हणजे हाडात रोवून बसवायच्या कृत्रिम दाताचा, विचार करताना या रिकाम्या जागेत काय घडते ते आधी समजून घ्यावे, कारण इम्प्लांटचा मोठा फायदा दिसण्यात नसून हाड आणि शेजारचे दात वाचवण्यात आहे.

दात गेल्यावर त्याला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. ही झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते आणि वर्षभरात हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास घटू शकते. मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलते, समोर टेकायला काही न उरल्याने वरची दाढ हळूहळू खाली उतरते, आणि नव्याने पडलेल्या फटींत भाजीचे दोरे अडकू लागले की धडधाकट दातांनाही कीड लागते.

ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसणारा खोटा दात, बसवायचा तर दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करावे लागतात, आणि एकदा घासलेले दाताचे कवच परत येत नाही. ते दात आधीच रूट कॅनाल करून कॅप लावलेले असतील तर मात्र ब्रिज हा समंजस पर्याय ठरतो. काढघालीची कवळी हिरडीवर टेकते, त्यामुळे खालच्या हाडाची झीज चालूच राहते. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्याच्यावर ॲबटमेंट नावाचा जोडभाग आणि वर कॅप बसते, चावण्याचा भार थेट हाडाला मिळतो, आणि शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही. टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवते हे स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले आणि ते त्या गृहस्थाच्या निधनापर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ टिकले. सगळे दात गेलेल्यांनाही प्रत्येक दातासाठी वेगळे इम्प्लांट लागत नाही. खालची कवळी बोलताना उचलली जात असेल, तर पुढच्या भागातील दोन इम्प्लांटवर तिला बटणासारखे अडकवता येते. माझ्या मते खर्चाच्या मानाने याएवढा फरक पाडणारा उपचार दंतवैद्यकात क्वचितच असेल.

तयारी दात काढण्याच्या दिवसापासूनच करावी. पुढे इम्प्लांट करायचा आहे हे डॉक्टरांना तेव्हाच सांगितले तर खड्ड्यात हाडाची पूड भरून जागा टिकवता येईल का, हे ते पाहू शकतात. नंतर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा एक्स-रे स्कॅन करून हाडाची उंची-रुंदी, खालच्या जबड्यातील नसेपासूनचे अंतर आणि वरच्या बाजूला सायनसची पोकळी तपासली जाते. मधुमेह असल्यास मागील तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी सोबत न्यावी. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन घेत असाल, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे, कारण ही औषधे जबड्याचे हाड भरून येण्यात अडथळा आणू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट यांमुळे इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते, आणि सुपारी-गुटख्याने तोंडच पुरेसे उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोहोचवणेही अवघड होते. हिरड्यांतून रक्त किंवा पू येत असेल तर त्यावर आधी उपचार करावेत. जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी, म्हणजे किमान अठराव्या वर्षापूर्वी, इम्प्लांट सहसा बसवत नाहीत.

अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात स्क्रू, ॲबटमेंट, कॅप, स्कॅन आणि हाडाची पूड यांचा खर्च वेगवेगळा मांडायला सांगावा. "एका इम्प्लांटचा दर" ऐकून गेलेल्या माणसाला कॅपचे पैसे वेगळे आहेत हे पुष्कळदा शेवटी कळते.

शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते. हाड तापून मरू नये म्हणून ड्रिलवर सलाइनची धार सतत सोडलेली असते, त्यामुळे घशाशी पाणी साचल्यासारखे वाटते, पण ते लगेच ओढून घेतले जाते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाने शेकावे, मऊ आणि कोमट खावे, जोरात चूळ भरू नये. हाड स्क्रूला पक्के धरेपर्यंत खालच्या जबड्यात साधारण तीन आणि वरच्या जबड्यात चार ते सहा महिने लागू शकतात. बहुतेक वेळा कायमची कॅप त्यानंतरच बसते, आणि येथे घाई करवून घेण्यात रुग्णाचाच तोटा असतो.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड मात्र आजारी पडू शकतात. आत नस नसल्याने दुखून इशारा मिळेलच असे नाही. म्हणून रोज फटीत जाणारा बारीक ब्रश वापरावा, दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, आणि झोपेत दात खाण्याची सवय असल्यास रात्रीचा गार्ड लावावा. कॅप किंचित हलते आहे असे वाटले तर त्या बाजूने चावणे थांबवून लगेच दाखवावे. बऱ्याचदा आतला छोटा स्क्रू फक्त सैल झालेला असतो, पण तसेच चावत राहिल्यास तो तुटतो. अशा वेळी डॉक्टर किंवा गाव बदललेले असेल, तर कंपनीचे नाव, मापे आणि लॉट क्रमांक छापलेला इम्प्लांटचा स्टिकर कामी येतो. कंपन्यांचे भाग एकमेकांना बसतातच असे नाही, म्हणून तो बसवण्याच्या दिवशीच मागून घ्यावा आणि सीबीसीटीच्या फाइलमध्ये चिकटवून ठेवावा.