शिष्यवृत्ती मंजूर, पण खात्यात रक्कम नाही: माझा अनुभव

पुतणीच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती व योजनांच्या संकेतस्थळावर) भरलेला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर झाला होता, तरी रक्कम जमा होत नव्हती. दादाने पासबुक दोनदा भरून आणले, बँकेत आधारची झेरॉक्स पुन्हा दिली. चार महिन्यांत वहिनींची झोप उडाली.

खात्याला आधार जोडलेले असणे आणि तेच खाते सरकारी रक्कम थेट जमा होण्यासाठी एनपीसीआयच्या (बँकांमधील देवाणघेवाण हाताळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या नोंदीत एका आधारमागे एकच बँक राहते, हे आम्हांला उशिरा समजले.

प्रथम माय आधार संकेतस्थळावर पुतणीच्या आधार क्रमांकाने प्रवेश करून 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे या नोंदीत कोणती बँक आहे ते, पाहिले (ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो, तो फोन हाताशी ठेवावा). तेथे तिच्या शाळेच्या वेळच्या, वापरात नसलेल्या खात्याची बँक दिसली. मग चालू खात्याच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज तिच्या सहीने देऊन शिक्का मारलेली पोच घेतली. आठवड्याने त्याच पानावर नव्या बँकेचे नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द दिसला, आणि पुढच्या वितरणात हप्ता जमा झाला.